बोळकंडी आणि बैठक

दार उघडून आत पाऊल टाकले की साडेतीन फूट रुंदीची एक लांबट, अंधारी जागा लागते. एका कडेस चपला, कोपऱ्यात छत्र्या, खुंटीवर पिशव्या, आणि पलीकडच्या टोकास स्वयंपाकघराचे दार. या जागेस जुनी माणसे बोळकंडी म्हणत. आता सर्रास पॅसेज म्हणतात. तिच्या शेजारी, भिंतीपलीकडे, बैठकीची खोली असते. पाच माणसांच्या कुटुंबात याच खोलीत आल्यागेल्याचे स्वागत होते, याच खोलीत आजोबांची दुपारची झोप होते, आणि दहावीची परीक्षा द्यावयाची असेल तर तिचा अभ्यासही येथेच करावा लागतो. अशा घरात केव्हा ना केव्हा कोणीतरी विचारतेच, की मधली भिंत काढून दोन्ही जागा एक केल्या तर काय होईल?

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी भिंत, वाट, उजेड, वारा आणि घरातील माणसांच्या सवयी या सर्वांचा हिशेब मांडावा लागतो. तो हिशेब कसा मांडावा, हे विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घरात केवळ चालण्यासाठी निराळी जागा राखून ठेवणे ही आपल्या घरांची मूळची रीत नव्हे. कोकणातील घर आठवा. खळ्यातून पायरी चढून ओटीवर यावयाचे आणि ओटीवरून माजघरात जावयाचे. पाहुणा ओटीवर बसे, हिशेबाच्या वह्या तेथेच उघडत, आणि घरात जाणारायेणारा प्रत्येक माणूस त्याच ओटीवरून जाई. देशावरील वाड्यात देवडी ओलांडली की चौक, चौकाभोवती ओसरी किंवा सोपा. तेथेही वाट आणि बैठक एकाच छपराखाली नांदत. गुजरातेतील पोळांतील घरांची मांडणीही याच जातीची. ओटलो, मग खडकी नावाची प्रवेशाची खोली, मग चोक, त्यालगत अर्धी उघडी परसाळ आणि शेवटी ओरडो. परसाळीत धान्य निवडणारी बाई वाटेत बसली आहे असे कोणास वाटत नसे. कारण ती जागा वाटेचीही होती आणि कामाचीही. बडोद्याच्या रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यात भित्तिचित्रे पाहण्यास जाणाऱ्यांनी चित्रांवरून क्षणभर नजर काढून, तेथे एका दालनातून दुसऱ्यात कसे जावे लागते, हेही न्याहाळावे.

मग ही बोळकंडी आली कोठून? तिचा उगम शोधीत गेल्यास आपण इंग्लंडात जाऊन पोहोचतो. रॉबिन एव्हान्स या इंग्रज वास्तुविवेचकाने १९७८ साली लिहिलेल्या एका निबंधात या प्रश्नाचा फार सुंदर मागोवा घेतला आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास रॉजर प्रॅट याने बार्कशायर परगण्यात कोलशिल नावाचा वाडा बांधला. त्याच्या मजल्यांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ मार्गिका काढलेली होती आणि खोल्यांची दारे तीवर उघडत. हेतू असा, की नोकरचाकरांनी आपली ये-जा तेथून करावी आणि धन्याच्या दालनांतून फिरताना कोणास दिसू नये. हा वाडा १९५२ साली आगीत नष्ट झाला. पण त्याने रूढ केलेली कल्पना मात्र पुढे सर्वत्र पसरली. म्हणजे आज आपल्या पाचशे चौरस फुटांच्या सदनिकेत जी बोळकंडी आहे, तिची पणजी नोकरांना दृष्टीआड ठेवण्यासाठी जन्मास आली होती! आपल्याकडे नोकर नाहीत, मोठी दालनेही नाहीत. बोळकंडी तेवढी वारशाने आली.

येथे 'हॉल' या शब्दाची गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. जुन्या इंग्लंडात हॉल म्हणजे घरातील मुख्य मोठे दालन. धनी, त्याचे आश्रित, पाहुणे, सर्वजण तेथेच जेवत आणि पुष्कळदा तेथेच झोपत. पुढे निराळ्या खोल्या वाढल्या, तसतसा हॉल आकसत गेला आणि अखेर इंग्रजीत तो शब्द दारामागच्या मार्गिकेस लागू लागला. आपण मात्र बैठकीच्या खोलीस हॉल म्हणतो, म्हणजे नकळत त्या शब्दाचा जुना आणि भारदस्त अर्थच जपतो. फ्रान्समधील व्हर्साय येथील राजवाड्यातील आरसेमहाल हा तर याचा सर्वांत वैभवशाली दाखला होय. ७३ मीटर लांबीचे ते दालन वस्तुतः राजवाड्याच्या दोन भागांना जोडणारी वाटच आहे. दरबारी मंडळी तेथून रोज जात-येत, थांबत, बोलत. पहिल्या महायुद्धानंतरचा तह २८ जून १९१९ रोजी याच वाटेवर सह्या होऊन पक्का झाला.

वैभवाकडून पुन्हा आपल्या मापाच्या घरांकडे वळू. मुंबई विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे कामकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. तेथे एका कुटुंबाच्या वाट्यास १६० चौरस फुटांची एक खोली येई. मार्गिका घराबाहेर, सर्वांची मिळून एक. घराबाहेर असल्यामुळे तिचा भाडेकऱ्याच्या खोलीवर भार पडत नसे, आणि मुलांना खेळावयास ती मिळे ते वेगळेच. इंदूरच्या अरण्य वसाहतीत निराळा मार्ग काढण्यात आला. पुण्यात जन्मलेले आणि अहमदाबादेत कार्य केलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी ती आखली. तिला १९९५ साली आगा खान वास्तुपुरस्कार मिळाला. तेथील सर्वांत लहान भूखंड अवघा ३५ चौरस मीटरचा. एवढ्याशा जागेतही घरापुढे ओटा ठेवला आहे. थांबणे, चपला काढणे, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे ही कामे ओट्यावर होतात आणि आतील खोली मोकळी राहते.

आता हिशेब. समजा, बैठकीची खोली दहा फूट रुंद व चौदा फूट लांब आहे. म्हणजे १४० चौरस फूट. तिच्या शेजारची बोळकंडी साडेतीन फूट रुंद व तितकीच लांब; म्हणजे ४९ चौरस फूट. मधली साडेचार इंची भिंत स्वतः सव्वापाच चौरस फूट अडवून उभी आहे. भिंत काढली की सर्व मिळून १९४ चौरस फूट जागा होते. १४० ची १९४ झाली, असे म्हणून घरातील मंडळी हर्षभरित होतात. पण येथेच थांबून विचार केला पाहिजे. भिंत गेली तरी स्वयंपाकघर आहे तेथेच राहिले. मुख्य दारापासून तेथपर्यंत जावयाचे तर माणसास किमान तीन फूट रुंदीची वाट लागतेच. हातात ताट किंवा पाण्याची बादली असेल तर त्याहून कमी चालत नाही. तीन फूट रुंद आणि चौदा फूट लांब म्हणजे ४२ चौरस फूट. ते वजा केले की उरतात १५२. मूळच्या खोलीहून केवळ बारा चौरस फूट अधिक! त्यात खोलीचे जे दार आता नाहीसे झाले, त्याच्या फिरण्याला लागणारी सुमारे सात चौरस फुटांची जागा मिळवा. एकूण लाभ एकोणीस चौरस फुटांचा. एक टेबल व एक खुर्ची मावेल इतका.

म्हणजे भिंत काढता येते, वाट काढता येत नाही. लाभ होतो तो मुख्यतः दुसऱ्याच प्रकारे होतो. भिंतीआडची वाट चोवीस तास वाटच असते. दुसऱ्या कशासही ती उपयोगी पडत नाही. उघडी वाट मात्र वेळ पाहून वाकवता येते. रात्री दहानंतर कोणी ये-जा करीत नाही, तेव्हा तेथे अंथरूण पडते. सत्यनारायणाच्या पूजेस वा हळदीकुंकवास माणसे जमली की सतरंजी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरता येते. पाच माणसांच्या लहान घरात ही लवचिकता पुष्कळ मोलाची आहे. मात्र ती मिळावी यासाठी एक अट पुरी व्हावी लागते, आणि ती अट भिंतीची नसून दारांची आहे.

आपल्या उदाहरणातील मुख्य दार आणि स्वयंपाकघराचे दार हे जुन्या बोळकंडीच्या दोन टोकांस, एका रेषेत आहेत. त्यामुळे भिंत गेल्यावर वाट कडेकडेने सरळ जाते आणि उरलेली जागा अखंड चौकोनी राहते. पण समजा, स्वयंपाकघराचे दार दूरच्या कोपऱ्यात, खिडकीच्या बाजूस असते, तर? मग माणसे कर्णरेषेने चालतील. माणूस काटकोनात वळून चालत नाही. जवळची वाट शोधतो, आणि मुले तर हटकून शोधतात. सुमारे चौदा फूट चौकोनाचा कर्ण जवळजवळ वीस फूट भरतो. तीन फूट रुंदीची ती वाट खोलीचे दोन त्रिकोण करून टाकते, आणि त्रिकोणात ना पलंग नीट बसतो, ना टेबल. अशा घरात भिंत काढल्याने जागा वाढण्याऐवजी घटल्यासारखी वाटू लागते. म्हणून ज्यांची दारे एका बाजूस आहेत किंवा आणता येतात, त्यांनीच या कामास हात घालावा असे माझे स्पष्ट मत आहे.

हे ताडून पाहण्यास एक पैचा खर्च नाही. शाळेतून येताना खडूचा एक तुकडा मागून आणावा. बैठकीच्या फरशीवर, भिंत नाही असे समजून, सर्व दारांना जोडणाऱ्या वाटा आखाव्यात. मग सायंकाळी सहापासून नवापर्यंत कोण कितीदा बोळकंडीतून गेले याची खूण कागदावर करीत जावी. पाणी पिण्यास, दूधवाल्याने घंटी वाजविली म्हणून, भाजी निवडून झाली म्हणून, कपडे आत आणण्यास. आकडा पाहून घरातील पुष्कळांना आश्चर्य वाटेल. हीच सारी ये-जा पुढे बैठकीतून, म्हणजे तुमच्या वही-पुस्तकांजवळून होणार आहे.

बोळकंडीची निंदा करणाऱ्यांनी तिची न दिसणारी कामेही पाहिली पाहिजेत. बाहेरचा माणूस दारात उभा राहिला तर त्याला घराचे अंतरंग एकदम दिसत नाही. न्हाऊन आलेल्या बाईस पाहुण्यांच्या समोरून जावे लागत नाही. पावसाळ्यात भिजलेली छत्री आणि चिखलाच्या चपला खोलीत येत नाहीत. शिवाय बाहेरून आत येताना मनास क्षणभराचा जो थांबा लागतो, तो ती देते. जुन्या घरांत हेच काम उंबरठा, देवडी आणि पायरी करीत. पूर्वीच्या पिढ्यांत बायकांनी पुरुष पाहुण्यांसमोर येऊ नये अशी रूढी असल्याने या आडोशास अधिकच महत्त्व होते. ती रूढी गेली हे उत्तमच झाले; पण आडोशाची साधी माणुसकीची गरज काही गेली नाही.

जपानी लोकांनी या बाबतीत दाखविलेले कौशल्य अनुकरण करण्याजोगे आहे. तेथेही आपल्याप्रमाणेच पादत्राणे काढून घरात जातात. दारालगत 'गेनकान' नावाची जागा असते. ती घराच्या जमिनीहून थोडी खाली असते. पादत्राणे तेथे उतरवायची आणि वर पाऊल ठेवायचे. अगदी एका खोलीच्या सदनिकेतही हात-दीड हाताचे गेनकान असते. तेथे भिंत लागत नाही. जमिनीच्या पातळीतील एका पायरीनेच 'बाहेर' संपून 'आत' सुरू होते. आपल्या तयार घरात जमीन खाली करणे बहुधा अशक्य; परंतु दारालगतचा चारएक फुटांचा पट्टा कोट्याच्या फरशीचा आणि पुढील जमीन निराळ्या रंगाच्या लाद्यांची, एवढ्यानेही पुष्कळ काम भागते. पायांना फरक कळला की चपला आपोआप थांबतात.

उजेडाच्या दृष्टीने भिंत काढण्याचा लाभ निर्विवाद आहे. खिडकीचा उजेड खोलीत किती आत पोहोचतो, याचा एक ठोकळ नियम बांधकाम करणारे वापरतात. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितक्या उंचीवर असेल, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड मिळतो. काठ सात फुटांवर असेल तर चौदा ते साडेसतरा फूट. आपल्या उदाहरणात बाहेरच्या भिंतीतील खिडकीपासून बोळकंडीची पलीकडची भिंत सुमारे चौदा फुटांवर येते. म्हणजे जेथे दिवसाही दिवा लावावा लागे, तेथवर दिवसाचा उजेड, मंद का होईना, जाऊन पोहोचेल. त्या भिंतीस पांढरा रंग दिला तर तो परतूनही येईल.

तथापि येथेही एक खाच आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे खोलीतील खिडक्यांचे क्षेत्र, दारे सोडून, कोरड्या उष्ण प्रदेशात जमिनीच्या निदान एकदशांश व दमट उष्ण प्रदेशात एकषष्ठांश असावे लागते. चार फूट बाय चार फुटांची खिडकी १६ चौरस फुटांची झाली. १४० चौरस फुटांच्या खोलीस, कोरड्या प्रदेशाच्या नियमाने, १४ पुरे होते. आता खोली १९४ ची झाली. तिला १९ हून अधिक हवे. म्हणजे कालपर्यंत पुरेशी असलेली खिडकी आज अपुरी ठरली! ती एक फूट रुंद करावी, नाहीतर दुसरी काढावी. मुख्य दारावर जाळीचा झरोका ठेवला तर तो या हिशेबात धरत नाहीत, कारण तो जिन्यात उघडतो, मोकळ्या हवेत नव्हे. पण वारा काही संहिता वाचून वाहत नाही. खिडकीतून आलेल्या वाऱ्यास बाहेर पडण्यास समोर छिद्र मिळाले की तो वाहू लागतो, आणि बडोद्याच्या वैशाखात त्याची किंमत कळते. याच वाऱ्यावर स्वार होऊन मिरचीच्या फोडणीचा ठसकाही बैठकीत येईल, म्हणून स्वयंपाकघराचे दार उत्साहाच्या भरात काढून टाकू नये. भिंत गेली की हे दारच काय तो बांध.

आता सर्वांत गंभीर भाग, ज्याबद्दल लोक सर्वांत कमी विचार करतात. सगळ्या भिंती सारख्या नसतात. जुन्या इमारतींत नऊ इंची किंवा त्याहून जाड विटांच्या भिंतींवर वरचे छत आणि वरच्या मजल्याच्या भिंती टेकलेल्या असतात. अशी भिंत काढणे म्हणजे टेबलाचा पाय काढणे. नंतरच्या इमारतींत लोखंडी सळया व काँक्रीट यांचे खांब आणि तुळया भार वाहतात. मधल्या साडेचार इंची भिंती केवळ पडद्यासारख्या भरलेल्या असतात. म्हणून पातळ भिंत पाहिली की गवंडी बेधडक म्हणतो, 'ही काढली तरी काही होत नाही.' पुष्कळदा ते खरेही असते. पण भिंतीच्या जाडीवरून छताचे रहस्य नेहमी कळत नाही. काही ठिकाणी पातळ भिंतीवरही वरच्या मजल्यावरची भिंत उभी असते; काही ठिकाणी नंतर जोडलेले छत तिच्यावर टेकवलेले असते.

याशिवाय भूकंपाचा विचार निराळा. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. त्यांपैकी बऱ्याच इमारतींत तळमजला वाहने उभी करण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा ठेवलेला होता. वरच्या मजल्यांवर खोल्याखोल्यांच्या भिंती असल्याने ते मजले ताठ राहिले. जमिनीच्या आडव्या धक्क्याने सारा जोर तळच्या उघड्या खांबांवर आला आणि ते मोडले. निकृष्ट बांधकामाचाही त्यात वाटा होता. यातून अभियंत्यांनी जे पूर्वीपासून सांगितले होते तेच दिसले, की भरावाची म्हणून जी भिंत आपण निरुपयोगी समजतो, तीही धक्क्याच्या वेळी इमारतीस आडवा आधार देत असते. वरच्या एका घरातील एक भिंत गेल्याने इमारत पडेल असे नव्हे. पण तळमजल्यावरील चार बिऱ्हाडांनी आपापल्या भिंती काढल्या, तर वरच्या सर्वांच्या जिवाशी तो खेळ होतो. म्हणून बांधकामाचा नकाशा मिळवून तो स्थापत्य अभियंत्यास दाखविणे, आणि गृहसंस्थेची व नगरपालिकेची परवानगी घेणे, यास दिरंगाईचे निमित्त मानू नये. भार वाहणारी भिंतही पूर्ण हिशेबाने, खाली टेकू देऊन व वर तुळई बसवून, उघडता येते. मात्र ते काम जाणत्याचे आहे आणि खर्च पडद्याच्या भिंतीच्या अनेकपट.

पाडलेल्या भिंतीचे काय होते, याचाही विचार कोणी करीत नाही. चौदा फूट लांब, साडेनऊ फूट उंच, साडेचार इंची विटांची भिंत सुमारे अडीच टन वजनाची भरते. मजूर विटामातीचा ढीग खोलीच्या मध्यभागी करतात आणि दोन दिवस तसाच ठेवतात. घराचे छत दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वर्दळीचा भार धरून आखलेले असते. तीन चौरस मीटरांत हा ढीग साचला तर भार त्याच्या चौपटीच्या घरात जातो, आणि खालच्या मजल्यावरील कुटुंब त्या छताखाली जेवत असते! मोडतोड जसजशी होईल तसतशी घमेल्यांनी खाली नेली पाहिजे. त्याआधी भिंतीतील विजेच्या तारा शोधून प्रवाह बंद करावा. दाराजवळच्या भिंतीत बटणांची पाटी बहुधा असतेच.

संपूर्ण भिंत काढावयास हवी असेही नाही. मला स्वतःला अर्धी तडजोड अधिक पसंत आहे. मुख्य दाराकडील तीन फूट भिंत जशीच्या तशी ठेवावी. तिच्यामागे चपलांची मांडणी व छत्र्यांची खुंटी राहते आणि दारातील माणसाची नजर अडते. पुढे जमिनीपासून साडेतीन फूट उंचीचे पुस्तकांचे कपाट वाटेला पाठ करून ठेवावे. उभ्या माणसाला त्यावरून पलीकडचे दिसते. बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र ये-जा दिसत नाही. कपाट एक फूट खोल असते, म्हणजे भिंत काढून मिळविलेल्या जागेतील काही त्याने परत घेतली. पण त्या बदल्यात ते घरातील पुस्तकांना जागा देते, भिंत काहीच देत नव्हती. पुढचा भाग पूर्ण मोकळा ठेवावा. जाड कापडाचा पडदाही वाईट नाही, मात्र त्याने आवाज अडत नाही. दृष्टी तेवढी अडते.

अभ्यासाचे टेबल वाटेपासून सर्वांत दूर, खिडकीजवळच्या कोपऱ्यात असावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. डावखुऱ्यास याच्या उलट. घरात दोन मुले असतील तर दोघांना एकाच टेबलाच्या समोरासमोर बसवू नये, हे सांगण्यास अभियंत्याची गरज नाही. दूरचित्रवाणी संच वाटेकडच्या भिंतीवर लावला तर पाहणाऱ्यांची तोंडे वाटेकडे व अभ्यासाकडे पाठ होते. आवाज कमी ठेवणे मात्र कपाटाला जमण्यासारखे नाही, ते माणसांनीच करावे लागेल.

राहिला झोपाळा. बडोद्यातील मराठी घरांत झोपाळ्याची हौस मोठी, आणि भिंत काढली की पहिली मागणी बहुधा आजीकडून त्याचीच येते. झोपाळा खोलीत जागा किती घेतो, तर नुसत्या फळीएवढी नव्हे; पुढेमागे झोका घेण्यास सहा-सात फूट मोकळे लागतात, आणि त्या आडव्या जागेतून वाट जाता कामा नये, अन्यथा चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्यास झोक्याची वेळ साधावी लागते. कड्या छताच्या लादीत न ठोकता तुळईत बसवाव्यात, आणि तुळई कोठे आहे हे त्याच नकाशात पाहावे. झोका वाटेला समांतर ठेवला, म्हणजे बसणाऱ्याचे तोंड मुख्य दाराकडे, तर वाट सुरक्षित राहते; शिवाय कोण आले ते आजीस बसल्या जागी दिसते.